चौदा काड्या

बाबासो शेडगे तेवीस वर्षं कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल उचलतोय, आणि तेवीस वर्षं रोज खोटं बोलतोय. तेही लपूनछपून नाही, चांगलं छाती ठोकून, आठ माणसांच्या टोळीपुढं.

त्याचं असं आहे. सळयांचा भारा खांद्यावर घेऊन टोळी ट्रककडं निघाली की मागच्यांना ट्रक दिसत नाही. दिसते फक्त पुढच्याची घामेजलेली मान. पाय लटपटायला लागतात, आणि नेमक्या त्या वेळेला सगळ्यात पुढचा माणूस, म्हणजे आपला बाबासो, ओरडतो, "आलं, आलं, आलं!" ट्रक अजून वीस पावलांवर असतो. तरी मागचे पाच पावलं टाकतात. मग पुन्हा "आलं, आलं!" पुन्हा पाच पावलं. काहीएक आलेलं नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण माल खाली टाकून "कुठं आलंय रे?" असं आजवर कुणी विचारलेलं नाही. ते दोन शब्द नसते तर निम्मा माल वाटेतच पडला असता.

तर असा हा साताऱ्याकडचा माणूस. अंगानं दणकट, मनानं मऊ, आणि तोंडात चोवीस तास मावा. सुपारी, तंबाखू आणि चुना मळून केलेली ती पुडी गालात धरली की भूकही कळत नाही आणि ऊनही. त्याचं तोंड हळूहळू आवळत गेलं तेही त्याला कळलं नाही. भाकरीचा घास लहान झाला. मग पाणीपुरी बंद झाली, "मला आवडत न्हाय" म्हणून. आवडत नाही कसली, तोंडात जात नव्हती!

हे उघडकीला आलं ते बाजारात भरलेल्या दातांच्या शिबिरात. बाबासो तिथून सटकणार हे त्याची बायको गोजरा ओळखून होती. म्हणून तिनं अकरावीतल्या लेकीला, उज्वलाला, त्याच्या मागं धाडलं होतं. शिबिरात एक तरुण डॉक्टरीण होती, बोलण्यावरून कराडकडची.

"काका, आ करा," ती म्हणाली.

"केलाय की."

"आणखी करा."

"एवढाच हाय."

तिनं त्याला स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घालायला लावली. चांगल्या माणसाची जातात. बाबासोचं दुसरं बोटच अडलं. सुपारीनं गाल आतून ताठ होत चाललाय, असं ती सरळ सांगून मोकळी झाली. डाव्या बाजूला पांढरा चट्टा दिसत होता. मुंबईच्या सरकारी डेंटल हॉस्पिटलात जाऊन त्याचा बारीक तुकडा काढून तपासायला हवा, मावा आजच बंद करायला हवा, आणि रोज आइस्क्रीमच्या काड्या दातांमध्ये धरून तोंड ताणायला हवं. तिनं तसं कागदावर लिहून दिलं.

बाबासोनं त्यातला 'तुकडा' तेवढा ऐकला. घरी येऊन त्यानं तो कागद देवाच्या फोटोमागं खोचला. त्या फोटोमागं गेलेला कागद त्यांच्या घरात परत उजेड बघत नाही.

उज्वलाच्या डोळ्यांपुढून मात्र ती डॉक्टरीण हलेना. हमालांच्या तोंडात न किळसता बोटं घालणारी, "काका, घाबरू नका" म्हणणारी. बारावीनंतर 'नीट'ची प्रवेश परीक्षा द्यायची आणि डेंटललाच जायचं, असं तिनं त्याच आठवड्यात जाहीर करून टाकलं. टोळीतला गोटीराम घरी आला होता, तो हसला. "डाक्टर व्हायचं तर पुरती हो की गं! निस्ती दाताची कशाला?"

"गोटीकाका, आधी तोंड मिटा," उज्वला म्हणाली. "वास येतोय."

बारावीनंतर पहिल्या खेपेला थोडक्यात हुकलं. मग घरात बैठक बसली आणि गोजरानं निकाल दिला. आणखी एक वर्ष. यंदा झालं तर झालं, नाहीतर मिळेल तिथं बीएस्सी आणि मामानं आणलेलं स्थळ बघायचं. गोजरा दुष्ट नव्हती हो, पण तिच्याही जिवाला घोर होता. उज्वलानं ते मान्य केलं, फक्त आपलीही एक अट घातली. पप्पांनी मावा सोडायचा, रोज काड्या धरायच्या आणि हॉस्पिटलात यायचं.

"मावा सोडला," बाबासो म्हणाला. "काड्या धरतो. पण तोंड दाखवीन तर तुलाच दाखवीन. दुसऱ्या कुनाफुडं आ करनार न्हाय."

वरवर हे लाडाचं बोलणं. आत निव्वळ भीती होती. त्यांच्या टोळीतल्या एकाचा असाच तुकडा तपासायला गेला होता, आणि सहा महिन्यांत तो माणूस गेला होता.

सुरुवातीला नऊ काड्या बसल्या. रोज संध्याकाळी सातला कामावरून आला, आंघोळ केली की बाबासो स्टीलच्या पेल्यातल्या काड्या एकावर एक रचून समोरच्या दातांमध्ये धरायचा आणि कॉटवर बसायचा. समोर फरशीवर उज्वला. तिला मोठ्यानं म्हटल्याशिवाय पाठ व्हायचं नाही, आणि त्याला तोंडात काड्या असताना बोलता यायचं नाही. असा ऐकणारा नशीबवानालाच मिळतो! ती हृदयाचे कप्पे सांगायची, बेडकाचा श्वास सांगायची, आणि हा डोळे मोठे करून माना हलवायचा. चुकली की त्याला काय कळणार? पण ती अडखळली की तो भुवया उंचावायचा, आणि ती पुन्हा पहिल्यापासून म्हणायची. दुसऱ्या दिवशी बाजारात तो टोळीला ऐकवायचा, "झुरळाचं रगात लाल नसतंय, म्हाईत हाय का?"

दर रविवारी क्लासची सराव परीक्षा असायची. त्याच दिवशी उज्वला कॅलेंडरवर दोन आकडे लिहायची, आपले सातशे वीसपैकी मार्क आणि पप्पांच्या काड्या. चारशे दहा, नऊ. चारशे चाळीस, दहा. चारशे ऐंशी, दहा. दोन्ही आकडे हातात हात घालून चढत होते, आणि घरात सगळ्यांनाच, गोजरालासुद्धा, वाटायला लागलं होतं की एक थांबला तर दुसरा थांबणार.

मार्चमध्ये तसंच झालं. काड्या दहावरच अडल्या. अकरावी लावली की बाबासोच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्या रविवारी उज्वलाचे मार्क घसरून चारशे तीसवर आले. ती जेवली नाही. भिंतीकडं तोंड करून पडली आणि म्हणाली, "पप्पा, माझ्याकडनं नाही होणार."

बोलून समजूत घालणं बाबासोला येत नव्हतं. त्याला येत होतं एकच. मागचा माणूस थकला की पुढच्यानं काय करायचं असतं, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो गोदामामागं बसला आणि कानशीवर काड्या घासायला लागला. लोखंडाच्या बाजारात कानशीला काय तोटा! एकेक काडी त्यानं पातळ केली, हात फिरवून गुळगुळीत केली. त्या संध्याकाळी अकरा बसल्या. पुढच्या रविवारी बारा. उज्वलानं मोजल्या, हसली आणि पुस्तक उघडलं. एप्रिल संपताना कॅलेंडरवर आकडे होते पाचशे दहा आणि चौदा. तोंड होतं तेवढंच होतं.

मे महिन्यातला रविवार. सेंटर नेरूळच्या एका शाळेत. परीक्षेच्या नियमाप्रमाणं अर्ध्या बाह्यांचा कुडता, पायात साध्या चपला, कानातलं काढलेलं. नाकातली चमकी आदल्या दिवशी तेल लावून काढताना मायलेकी दोघीही रडल्या होत्या. दोघीही म्हणाल्या की चमकीमुळं. दीड वाजता फाटक बंद होणार होतं, आणि बाबासो साडेदहालाच लेकीला घेऊन दारात हजर. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. आत जायची वेळ आली तेव्हा तिचे हात गार पडले होते. बाबासोनं ते आपल्या घट्टे पडलेल्या हातांत धरले.

"आलं, पोरी. आलं, आलं."

उज्वलानं त्याच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. "हो पप्पा. माहितीये मला," असं म्हणून ती आत गेली.

आता साडेतीन तास. रस्त्याकडेच्या झाडाखाली आईबापांची ही गर्दी. समोर पानाची टपरी. बाबासोचा जीव त्या टपरीकडं असा ओढ घ्यायला लागला की त्यानं खिशातून काड्या काढल्या आणि दातांत धरल्या. शेजारी बसलेल्या बाईंनी चमकून बघितलं. नेरूळच्याच होत्या, मीनाताई म्हणून. त्यांचा निशांत आत होता.

"हे काय हो?"

बाबासोनं काड्या काढल्या आणि सांगितलं. अनोळखी माणसाला सांगणं सोपं असतं, त्यामुळं चट्ट्याचंही सांगितलं.

"मग दाखवलंत कुठं?"

"पोरगीलाच दाखवनार. ती डाक्टर झाली की."

"अहो, पण आजची ही नुसती आत शिरायची परीक्षा! शिकून डॉक्टर व्हायला पुढं पाच वर्षं आहेत. तोवर हे असंच ठेवणार?"

पाच वर्षं. बाबासोला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण 'परीक्षा झाली की पोरगी डाक्टर' असं म्हणता म्हणता त्यानं मधली पाच वर्षं कधी मनावरच घेतली नव्हती. तो हातातल्या काड्यांकडं बघत बसला. पातळ, गुळगुळीत, छान घासलेल्या. पोरीला फसवलं ते फसवलंच, वर आपण आपल्यालाही फसवत होतो, हे त्या तळपत्या दुपारी त्याच्या डोक्यात लख्ख शिरलं, आणि टपरीची आठवणसुद्धा राहिली नाही. आज सांगायचं, त्यानं ठरवलं. बाहेर आल्या आल्या सांगायचं.

पाचला फाटक उघडलं. पोरं पोरी लोंढ्यानं बाहेर आली, कुणी रडत, कुणी उत्तरं ताडून बघत. उज्वला सगळ्यांच्या मागून आली. चेहरा उतरलेला, पण पाय ताठ.

"कसा गेला?"

"फिजिक्स खतरनाक होतं पप्पा. पण बायो सगळं सोडवलंय. तुमच्या भुवया आठवून."

बाबासोला हसू येईना. "उज्वला, मला एक सांगायचंय. त्या काड्या..."

"घासलेल्यात. माहितीये."

त्याचं तोंड उघडेल तेवढं उघडं राहिलं.

"गुरुवारी पेला धुताना हातात घेतल्या," ती म्हणाली. "दुकानातली काडी शेजारी ठेवून बघितली. तुमच्या चौदा म्हणजे खऱ्या दहा."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही माझं टेन्शन नको म्हणून घासल्या ना? मग मी तुमचं टेन्शन नको म्हणून गप्प बसले." इतका वेळ धरून ठेवलेला आवाज आता फाटला. "पण आता पेपर झालाय पप्पा. मी पास होईन नाहीतर नापास होईन. आता माझ्यासाठी थांबायचं नाही. मला तुम्ही पाहिजे, कळलं का? डिग्री घेऊन मी कुणाचं तोंड बघू?"

फाटकासमोर, सगळ्या आईबापांच्या देखत बाबासो शेडगे लहान पोरासारखा रडला. मीनाताईंनी पाण्याची बाटली पुढं केली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी देवाच्या फोटोमागचा कागद निघाला. हॉस्पिटलात तुकडा काढला. दहा दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. पण आणखी वर्षभर अंगावर काढलं असतंत तर सांगता आलं नसतं, असं मोठ्या डॉक्टरांनी सुनावलं. दर आठवड्याला गालात इंजेक्शन घ्यायचं, आणि काड्या धरायच्या त्या खऱ्या. गोजरानं जुन्या काड्या बंबात घातल्या.

जूनमधल्या एका इंजेक्शनच्या दिवशीच नीटचा निकाल लागला. उज्वलानं हातातला मोबाइल तसाच पर्समध्ये टाकला. "आधी तुमचं होऊ दे."

बाबासो खुर्चीत मागं रेलला. सुई दिसली तसे त्याचे पाय ताठले. डॉक्टर म्हणाल्या, "आ करा काका, मोठा." त्यानं केला. सुई आत गेली, तो खुर्चीचा हात आवळून बसला, आणि उज्वला त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "आलं पप्पा, आलं, आलं." अजून दोन सुया बाकी होत्या. त्याला ते ठाऊक होतं. त्यानं तोंड मिटलं नाही.

मग बाहेरच्या बाकावर बसून तिनं मोबाइल उघडला. चाक फिरलं, फिरलं, आणि आकडा आला. पाचशे एकतीस.

"ह्यावर मिळतं डेंटल," ती पुटपुटली. "पप्पा, मिळतं!" आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देत म्हणाली, "पण अजून पाच वर्षं आहेत हो. किती लांब आहे सगळं."

बाबासोचा अर्धा गाल बधिर होता. जीभ वळत नव्हती, लाळ गळत होती. तरी रुमालानं तोंड पुसून तेवीस वर्षांच्या सवयीनं तो बोललाच.

"आलं," तो म्हणाला. "आलं पोरी, आलं."