लांजेवार सरांचा हिरवा रंग

लांजेवार सर कुणाच्याही घरी गेले की आधी बसत नसत. दारात चपला काढायच्या, "आहे का कोणी घरी?" असं विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता थेट टीव्हीपाशी जायचं. तिथे हात मागे बांधून, डोळे बारीक करून ते पडद्याकडे बघत उभे राहत. मग मान हलवून म्हणत, "बिघडवला." टीव्ही व्यवस्थित चालू असायचा. सरांच्या मते बिघडलेला असायचा तो रंग.

मी साकोलीच्या शाळेत विज्ञान शिकवायला रुजू झाले, तेव्हा सर तिथे चित्रकला शिकवत होते. त्यांचं घर आमच्या भाड्याच्या खोल्यांच्या अगदी समोर. आमचं सामान अजून लावून झालं नव्हतं. जुना डबा टीव्ही खोक्यातून काढून सुधीरनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, स्टुलावर ठेवला होता आणि त्यावर बातम्या लागल्या होत्या. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, पाठवलेला चहाचा थर्मास घेऊन सर आले. थर्मास माझ्या हातात दिला आणि पडद्याकडे बघत म्हणाले, "बाई, ह्या माणसाले कावीळ झाली काय?" मी काही बोलायच्या आत ते टीव्हीसमोर उकिडवे बसले होते. बटणं थोडी इकडे, थोडी तिकडे फिरवली आणि बातम्या देणारा माणूस खरोखरच बरा झाल्यासारखा दिसू लागला. तोवर चहा निवला होता.

सर मूळचे करडीचे, धानाच्या शेतीतल्या घरातले. तरुणपणी हिवाळ्यात गावोगावी नाटकं होत, त्यांचे पडदे ते रंगवत. राजवाडा, जंगल, रस्ता. "दिव्याखाली रंग बदलते, बाई," ते सांगत. "दिवसा झकास दिसलेलं जंगल नाटकात शेणासारखं दिसाचं. मंग पुन्हा रंगवा." पडदे सुटले आणि नोकरी लागली, पण डोळ्यांची ती सवय गेली नाही. हिरव्याच्या बाबतीत तर ते ऐकूनच घेत नसत. "हिरवा काही एक नसते. पऱ्ह्याचा, म्हंजे कोवळ्या रोपाचा, येगळा, रोवणीनंतरचा येगळा, लोंबी धरली का आणखी येगळा. अन् हे टीव्हीवाले साऱ्याइले एकच पोपटी फासतेत." सातवीच्या पोरांना ते तलावाच्या उंच पाळीवर घेऊन जात आणि खालच्या धानाच्या बांध्यांमधले हिरवे ओळखायला लावत. पोरं कंटाळत, पण पुढे कितीतरी जणांकडून मी ऐकलं, की शेत बघताना अजूनही सर आठवतात.

डबा टीव्ही जाऊन भिंतीवरचे चपटे टीव्ही आले, तेव्हा सरांना नवीनच काम मिळालं. जुन्या वाहिन्यांचं चौकोनी चित्र लोक ताणून पडदाभर करत. त्यामुळे सगळी माणसं बुटकी आणि जाड दिसत. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने हौसेने मोठा टीव्ही आणला. सर तिथे गेले, रिमोट उचलला आणि ऐन सामन्याच्या वेळी चित्र मूळच्या मापावर आणून ठेवलं. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले. दुकानदार चिडला.

"एवढा मोठा टीव्ही कायले घेतला मंग, सर? अर्धा तं काळाच दिसून राहिला."

"काळा राहू दे न. माणूस माणसासारखा दिसते का नाही ते पाह. तो बिचारा पळून पळून बॉलिंग करते अन् तू त्याले पोत्यावाणी करून ठेवला."

बसलेली सगळी माणसं हसली. दुकानदारही हसला. सर बाहेर पडल्यावर त्याने चित्र पुन्हा ताणलं असणार, पण सरांसमोर ताणायची कुणाची हिंमत नव्हती.

एचडीचं वारं आमच्याकडे आलं तेही सरांच्याच हातून. आम्ही एचडी टीव्ही घेतला होता, वाहिन्यांचे जास्तीचे पैसे भरत होतो आणि चित्र मात्र पूर्वीइतकंच धुरकट. सरांनी टीव्हीच्या मागे हात घातला. पिवळी, लाल, पांढरी अशी जुनीच वायर लावलेली निघाली. ते घरी जाऊन स्वतःच्या सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय केबल काढून घेऊन आले. ती लावली तेव्हा पडद्यावर पाणपक्षी होते. एका बगळ्याच्या मानेवरून पाण्याचा थेंब घसरत खाली आला आणि तो मला शेवटपर्यंत दिसला. सुधीर खुर्चीत सरळ बसले. "आता पाहा," सर म्हणाले, "आतापर्यंत खिडकीले पोतं लावून बाहेर पाहत होतो." मग बातम्या लावल्या आणि निवेदकाच्या कानाशी पावडरची कड दिसली, तेव्हा ते लहान मुलासारखे खूश झाले. "याले घाईत तयार केलं हो!"

निवृत्तीनंतर सरांच्या फेऱ्या वाढल्या. आणि त्याच सुमारास गल्लीतले टीव्ही निळे होऊ लागले.

सुरुवातीला ते कुणाच्या लक्षात आलं नाही. सर येत, नेहमीप्रमाणे मान हलवत, "आजकाल कंपनीतूनच पिवळं येऊन राहिलं" म्हणत आणि रंगांच्या यादीत जाऊन निळा चढवत. ते गेल्यावर नट्यांचे चेहरे थंडीने काकडल्यासारखे दिसत. मग घरातलं कुणीतरी रिमोट घेऊन रंग परत पहिल्यासारखे करून ठेवी. आमच्याकडेही तसंच चाले. काकूंना हे कळल्यावर त्या एका दुपारी माझ्याकडे आल्या. काकू ठेंगण्या, बोलायला मोकळ्या. पण त्या दिवशी हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, याहीच्या, तुमच्या सराच्या, डोळ्यात मोतीबिंदू पिकून राहिला. सारं पिवळं दिसते त्याहीले. बाजारातून कच्चे टमाटर पिकले म्हणून आणतेत. पण दवाखान्याचं नाव काढलं का उठूनच जातेत. ते आले तं करू द्या त्याहीले काय करतेत ते. मंग तुमचं तुम्ही नीट करून घ्या. पण सांगू नोका."

दवाखान्याचं नाव का नको, तेही त्यांनी सांगितलं. सरांच्या वडिलांचं फार पूर्वी डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांची नजर परत आलीच नाही. आंधळ्या बापाचा हात धरून सरांनी त्यांना बांधीपर्यंत नेलं होतं, आणि बांधीत काय दिसतं ते त्यांना सांगितलं होतं.

असं बरेच दिवस चाललं. मग एका संध्याकाळी सर आमच्याकडे येऊन रंग लावून गेले आणि भाजीची पिशवी विसरले. ती न्यायला ते परत आले तेव्हा सुधीर टीव्हीसमोर उभे राहून निळा उतरवत होते. सर दारातच थांबले.

"काय करून राहिले?"

सुधीरनी रिमोट खाली ठेवला.

"तुमच्याच घरी का सगळीकडंच?" सरांनी विचारलं.

"सर, तुमचे डोळे एकदा दाखवून घ्या," सुधीर म्हणाले.

सरांनी पिशवी उचलली आणि ते निघून गेले. त्यानंतर त्यांनी कुणाच्या घरी पाऊल टाकलं नाही. सकाळी ओट्यावरही दिसेनात. काकू म्हणाल्या, घरचा टीव्हीही लावत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. मी भेटायला गेले. सर उठून बसले, पण माझ्याकडे बघेनात.

"भीती वाटते सर?"

"वाटते न. बाबाची गोष्ट तुम्हाले माहीत असंल." मग म्हणाले, "पण लाज जास्त वाटते बाई. साऱ्या गल्लीले निळं करत फिरलो. लोकं मागून हसत असतीन."

"कोणी हसलं नाही," मी म्हणाले, आणि ते खरं होतं.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या एकदम पुढे आल्या. "लाज वाटते म्हणते माणूस! मले कवा पाह्यलं तुम्ही नीट? मी लुगडं नेसली का गोणपाट, तुम्हाले समजते काय? मी भंडाऱ्याच्या दवाखान्यात नंबर लावला. येत असान तं या, नाही तं मी एकटी जाऊन बसतो तेथं." एवढं बोलून त्या आत गेल्या आणि भांडी आदळू लागल्या. सर मला म्हणाले, "ही खरंच जाईन."

ते गेले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि पट्टी काढली त्या दिवशी आम्हीही तिथे होतो. सर आधी डोळे उघडायलाच तयार नव्हते. उघडले तेव्हा कितीतरी वेळ पलंगाच्या चादरीकडे बघत राहिले. "इतकी पांढरी?" ते म्हणाले. मग समोर काकू दिसल्या. त्यांच्या केसांवरून, कपाळावरून, हातांवरून सरांची नजर सावकाश फिरली. "तू अशी म्हातारी कवा झाली वं?" काकूंनी पदराने तोंड झाकून घेतलं. हसत होत्या की रडत होत्या ते कळलं नाही.

दुसराही डोळा झाला. थोडे बरे होताच सर फेरीला निघाले, आपण लावलेला निळा काढायला. मी सोबत होते. पण काढायला कुठेच काही उरलं नव्हतं. दुकानदाराकडे रंग ठीक होते, आमच्याकडे ठीक होते, शाळेच्या शिपायाकडेही ठीक होते. सर प्रत्येक ठिकाणी पडद्याकडे बघत, मान डोलावत आणि बाहेर पडत. शेवटी आम्ही त्यांच्या घरी आलो. पट्टी सुटल्यापासून घरचा टीव्ही लागलाच नव्हता. त्यांनी तो लावला.

चित्र निळंशार होतं. माणसांचे चेहरे, झाडं, रस्त्यावरची माती, सगळं.

"हे तं तसंच आहे," सर म्हणाले. मग काकूंकडे वळून, "साऱ्याहीनं आपलं आपलं नीट केलं. मी बाहेर गेलो का तुलेही करता आलं असतं. तू काहून नाही केलं?"

काकू तांदूळ निवडत होत्या. सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "तुम्हाले जसं दिसे तसंच मीबी पाहो. एका घरात दोन रंग कायले?"

सरांनी रिमोट उचलला नाही. ते खाली काकूंजवळ बसले आणि सुपातले खडे वेचू लागले. मी घरी परतले.

पुढे सरांनी ब्रश पुन्हा हातात घेतला. आयुष्यभर पडदे रंगवले, पण माणसाचं चित्र त्यांनी कधी काढलं नव्हतं. आता काकूंना ओट्यावर सकाळच्या उजेडात बसवत आणि रंगवत. काकू कुरकुरत, "धान वाळत घालाचे राहिले," म्हणत, पण बसत. ते चित्र पूर्ण व्हायला पूर्ण हिवाळा गेला. त्यानंतर काही वर्षांनी सर गेले. एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

तेराव्यानंतर मी काकूंकडे गेले. सरांचा फोटो टेबलावर होता आणि भिंतीवर काकूंचं चित्र. पांढरे केस, कपाळावरचं गोंदण, डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या बारीक रेषा, गळ्याची सैल पडलेली कातडी. मी किती वेळ त्याच्यासमोर उभी होते कोण जाणे. काकू मागे येऊन थांबल्या.

"पाहा न बाई," त्या म्हणाल्या, "एकबी सुरकुती सोडली नाही याहीनं. इतकं कोणी पाह्यलं होतं मले?"