गणपती नेमका कोणाच्या बाजूनं

मी घर सोडलं त्या दिवशी कोल्हापुरात मॅच होती. फुटबॉलची, आणि तीही आमच्या पेठेची शेजारच्या पेठेशी. ज्यांचं बालपण कोल्हापुरात गेलं नाही त्यांना सांगते, आमच्याकडे पेठ ही पत्त्यातली एक ओळ नसते, ती रक्तगटासारखी असते. आबा, म्हणजे माझे वडील, आमच्या पेठेचे. विलासमामा, आईचा सख्खा भाऊ, समोरच्या पेठेचा. मॅच चारची आणि माझी मुंबईची बस पाचची. हे कळल्यावर आबा दोन दिवस गप्प होते. मला वाटलं, मुलगी अमेरिकेला चालली म्हणून.

तर आबा आणि मामा दोघंही हाफटाइमला मैदान सोडून बसपाशी आले. एकमेकांपासून चार फूट अंतर ठेवून उभे राहिले, आणि मग दोघं एकदमच माझी एकच बॅग उचलायला वाकले. आई मधे उभी. तिनं ब्लाउजपिसात गुंडाळलेला करंगळीएवढा पितळी गणपती माझ्या हातात ठेवला. "अडचण आली तर पाण्यात ठेव," ती म्हणाली. "पण लई वेळ नको. त्यालाबी सर्दी हुती." आबा म्हणाले, "पेठ विसरू नको." मामा म्हणाला, "कुठली, ते पण सांगा की तिला." बस हलली तेव्हा तिघंही रडत होते. पुढे आबा कायम सांगत राहिले की मैदानावरची धूळ डोळ्यांत गेली होती.

हा गणपती मॅचच्या दिवशी सकाळपासून स्वयंपाकघरात एका वाटीत बुडलेला असायचा. मागणं पुरं होईपर्यंत देवाला पाण्यात ठेवायचं, ही आपल्याकडची प्रेमळ धमकी. आबांना खात्री होती की तो त्यांच्या पेठेसाठी बुडालाय. मामालाही खात्री होती, की बहीण सासरी गेली तरी मनानं माहेरचीच. तिला विचारलं की उत्तर ठरलेलं. "माझं मला ठावं." गणपती माझ्याबरोबर अमेरिकेला आल्यावर तिनं त्याच कामाला बाळकृष्णाला लावलं म्हणे.

माझं विद्यापीठ मक्याच्या शेतांमध्ये होतं. पहिल्या हिवाळ्यात मी इतकी एकटी पडले होते की वॉशिंग मशीनला 'झालं का रे' असं विचारायचे. एका शनिवारी लॅबमधल्या मुलांनी मला कॉलेजच्या बास्केटबॉल मॅचला ओढून नेलं. खेळ मला काहीही कळला नाही. पण हजारो माणसं लाल कपड्यांत एका सुरात ओरडत होती, आणि शेजारचे एक अनोळखी आजोबा रेफ्रीला त्याच्या चष्म्याबद्दल सल्ला देत होते. मला एकदम आबा दिसले. त्या दुपारी मला नवी पेठ मिळाली. आणि पेठ मिळाली की समोरची पेठही आपोआप मिळते. ती होती शेजारच्या राज्यातल्या पिवळ्यांची. त्यांचा रंग मी पंचवीस वर्षं घरात येऊ दिला नाही. अपवाद फक्त हळदीचा.

पुढे नोकरी लागली, लग्न झालं, नेपरव्हिलला घर घेतलं. मुलगी झाली, इरा. तिचं पहिलं झबलं लाल होतं. गेल्या वर्षी तिला दोन्ही कॉलेजांत ॲडमिशन मिळाली, आणि तिनं पिवळं निवडलं. तिला हवा तो विषय तिथेच चांगला होता, हे मलाही माहीत होतं. मी म्हणाले, "तुला हवं ते कर." हे वाक्य आईनं ज्या सुरात म्हटल्यावर कोणीच हवं ते करू शकत नाही, त्याच सुरात म्हणाले. पण इरानं केलं.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला ती माझ्यासाठी पिवळा स्वेटशर्ट घेऊन आली. छातीवर कॉलेजचं नाव, खाली मोठ्या अक्षरांत 'मॉम'. "छान आहे हं," असं म्हणून मी तो कपाटात सगळ्यात खाली ठेवला. ख्रिसमसच्या सुट्टीत काहीतरी शोधताना तिला तो सापडला. टॅगसकट. तिनं तो होता तसा परत ठेवून दिला. मात्र तेव्हापासून तिचे फोन नितीनला, माझ्या नवऱ्याला, येऊ लागले. मी शेजारी बसून ऐकायचे, आणि शेवटी तो म्हणायचा, "आई पण आहे इथं." मग पलीकडून, "ओके, हाय आई."

मार्चमध्ये इथे कॉलेजांची मोठी स्पर्धा असते. ऑफिसात, शाळेत, दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा लोक कोण जिंकणार याचे तक्ते भरतात. नियम एकच. एकदा हरलात की घरी. टीव्हीवरही तसंच म्हणतात, अमुक संघ घरी चालला. तर या वर्षी लाल आणि पिवळे समोरासमोर आले, आणि इरा त्याच आठवड्यात सुट्टीला घरी आली.

मॅच संध्याकाळी सहाची होती. मी दुपारीच गणपतीला स्टीलच्या वाटीत बसवलं. कोणासाठी, ते लपवत नाही. पहिला अर्धा तास आम्ही छान पुढे होतो. मग अचानक पिवळे बास्केटवर बास्केट करू लागले, म्हणून मी किचनमध्ये जाऊन बघितलं. गणपती मायक्रोवेव्हवर, पेपर टॉवेलवर, कोरडा ठणठणीत.

"इरा."

"आई, सीरियसली? तू देवाला घेऊन चीटिंग करतेयस?"

मी त्याला परत बुडवलं. तिनं परत काढला. मी वाटी घेऊनच सोफ्यावर बसले, तर ती म्हणाली, "ओके, पण आता तो माझ्या टीमसाठी आहे. मी त्याला सांगितलंय, इंग्लिशमध्ये." नितीन म्हणाला, "यार, त्याला पोहता येतं का ते तरी विचारा कोणी." आम्ही तिघंही खूप हसलो. कित्येक महिन्यांनी ती माझ्या खांद्याला टेकून बसली होती. मी तिथेच थांबायला हवं होतं.

शेवटच्या सेकंदाला आमच्या पोरानं बॉल टाकला आणि एका गुणानं लाल जिंकले. मी सोफ्यावर चढले. नाचले. आणि तिच्याकडे बोट करून म्हणाले, "बघ, सांगत होते ना तुला."

इरा हळूच उठली. "यू आर नॉट टॉकिंग अबाऊट द गेम, आई," ती म्हणाली. "मी चुकले, असं तुला हवंय. वर्षभर तू त्याचीच वाट बघतेयस." आणि वर निघून गेली. टीव्हीवर कोणीतरी सांगत होतं, पिवळे घरी चालले.

नितीननं टीव्ही बंद केला. मी वाटी ओट्यावर ठेवली आणि कोल्हापूरला व्हिडिओ कॉल लावला. तिथे सकाळ झाली होती. आबांना जाऊन चार वर्षं झाली. आता मामा रोज सकाळी आईकडे चहाला येतो, आणि आबांच्या खुर्चीवर न बसता शेजारच्या स्टुलावर बसतो. मी सगळं सांगितलं, आणि विचारलं, "आई, आज खरं सांग. तू गणपती कोणासाठी बुडवायचीस?"

"मॅचसाठी कोण देव बुडवतंय?" आई म्हणाली. "हरलेला माणूस जेवत न्हाई गं. हे हरले की ताटाला पाठ करून बसायचे. हा विलास तर दोन दोन दिवस. जो हरंल त्याला भूक लागू दे, एवढंच मागत हुते."

"आणि जिंकणाऱ्याचं?"

"त्याचं काय मागायचं? तो भिंतबी खाईल."

मामानं खारी चहात तशीच धरून ठेवली होती. ती विरघळून पडली. "हे मला आजपर्यंत सांगितलं न्हाईस," तो म्हणाला.

"तू हरायचास, जेवायचास," आई म्हणाली. "सांगायचं काय त्यात?" मग माझ्याकडे वळून, "पोरगी जेवली का?"

मी कुकर लावला आणि वरणफळांची कणीक मळली. कढईत तेल तापेपर्यंत वर जाऊन कपाटाच्या तळातून स्वेटशर्ट काढला आणि घातला. टॅग मानेला टोचत होता. हिंग-मोहरीची फोडणी जिना चढून गेली, आणि थोड्या वेळानं इरा अर्ध्या जिन्यात येऊन थांबली. तिनं मला पाहिलं. पिवळ्या रंगात मी कशी दिसते हे मला कळत होतं. हळदीच्या नवरीसारखी, पण पन्नाशीतली.

"मी चुकले," मी म्हणाले. "तू नाही."

ती खाली आली, ड्रॉवरमधून कात्री काढली आणि माझ्या मानेमागचा टॅग कापला. कापताना तिचा हात जरा जास्त वेळ तिथेच राहिला. मग म्हणाली, "तूप आहे ना?"

तुम्ही तिकडे राहिलात, किंवा माझ्यासारखे निघून आलात, तुम्हालाही लोक विचारतच असतील, घर कुठलं? मी आजवर कोल्हापूर म्हणत आले, कधी नेपरव्हिल. टीव्हीवाले 'हरलेला घरी जातो' हे असं सांगतात, जणू शिक्षा झाली. मी पाहिलेली दोन्ही घरं तर त्याच्यासाठीच चूल पेटती ठेवून बसलेली. पेठ मी बदलणार नाही, पुढच्या मार्चमध्येही लालच. मागणं मात्र बदलेन.

इरानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग तिसऱ्यांदा. मी गणपतीला पाण्यातून काढलं आणि पदर नव्हता म्हणून पिवळ्या बाहीला पुसलं.