अंबाडीचे शेंडे

तमाम वाचकांना कळवण्यास अत्यंत दुःख होते की, आमच्या बांधावरच्या अंबाडीचं ऐन तारुण्यात निधन झालं. पंचनामा झाला नाही. वस्तीवर पंच होण्यालायक माणूसच उरला नव्हता, सगळेच आरोपी.

आमची वस्ती कऱ्हाटीच्या जिरायती अंगाला. नव्वदीतली गोष्ट. पाण्याला एकच आड, आणि पाणी पार पाताळात. बाजारात तेव्हा नायलॉनचे दोर आले होते, हिरवे-निळे, चकचकीत. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मोठ्या हौसेने एक आणला. तो कुजत नव्हता, तुटत नव्हता, फक्त आईचे तळहात कापत होता. भरलेली बादली वर येताना ओला दोर सटकायचा तो कातडी घेऊनच.

संध्याकाळचं पाणी मी ओढायची. पण सकाळी मला बारामतीच्या कॉलेजची एसटी धरायची असे, आणि तात्या आठवडाभर वालचंदनगरला कारखान्यात. सकाळच्या घागरी आईच्याच. होता होता तिला भाकरी थापणं जड जाऊ लागलं. एका सुट्टीला भाकरीवर रक्ताचा डाग दिसला आणि तात्यांनी ताट सरकवलं.

"अंबाडीचा दोर वळतो तुला," ते म्हणाले. "चांगला जाड, मुठीत बसणारा. दिवाळीपतूर कळ काढ."

पाऊस पडला तशी त्यांनी बाजरीच्या कडेने अंबाडी पेरली, मुद्दाम दाट. दाट पेरली की ती सरळसोट वाढते. दांडा जितका लांब, तितका त्याच्या सालीचा वाख, म्हणजे धागा, लांब, आणि तितका दोर मजबूत. आई रोज चिंध्या बांधलेले हात घेऊन बांधावर जायची आणि अंबाडीशी उंची मोजायची. गुडघ्याला लागली. कमरेला लागली. तेवढ्यात शेजारच्या काकूंचा रंगमंचावर प्रवेश झाला.

"वैनी, मूठभर भाजी न्हेऊ का?"

रानातल्या भाजीला आमच्याकडे कुणी कुणाला नाही म्हणत नाही. म्हटलं तर पीक रुसतं म्हणे. आई म्हणाली, "इचारता काय? शेंडंच खुडा, कवळं असत्यात."

काकूंमागून अख्खी वस्ती आली. कुणाची लेक माहेरी आलेली, कुणाच्या सुनेला आंबट खावंसं वाटलेलं. सगळ्यांनी शेंडेच नेले. आईला त्यात वावगं दिसेना. हरभऱ्याचे शेंडे खुडले की झाड डेरेदार होतं आणि घाटे दुपटीने लागतात, हे तिला पक्कं ठाऊक. अंबाडीचंही भलंच होतंय, असं तिला वाटलं. आणि तात्या? दर सुट्टीला कण्या घातलेली, वरून लसणाची फोडणी ओतलेली अंबाडी हादडायचे आणि म्हणायचे, "आणिक वाढ." भाजी कुठून खुडली, ते त्यांनी एकदाही विचारलं नाही. भाकरीपुढे आमचे तात्या बांधाकडे फिरकतील कशाला!

दसरा झाल्यावर विळा घेऊन ते बांधावर गेले आणि तिथेच बसले.

"ही अंबाडी हाय का खराटा?"

खुडलेल्या प्रत्येक शेंड्याखाली तीन-तीन फांद्या फुटल्या होत्या. अंबाडी डेरेदार झाली होती, अगदी हरभऱ्यासारखी. तरी त्यांनी ती कापली, पेंढ्या ओढ्याच्या डबक्यात दगडांखाली कुजत घातल्या, वास मारायला लागल्यावर सोलल्या. वाख दर फांदीपाशी तुटत होता. हाताला लागले वीतभर तुकडे. तुकड्याला तुकडा जोडत तात्यांनी दोर वळला. आई शेजारी बसून एकच म्हणत होती, "हुईल की हो. हुईल." तिच्या हातांवरची जुनी चीर पुन्हा उलली होती.

दोर आडात सोडला, तेव्हा वस्तीवरच्या बायका घागरी घेऊन कडेने उभ्या होत्या. बादली बुडाली, भरली, वर येऊ लागली. आईच्या तोंडावर हसू आलं. तोच मधला सांधा उसवला. आडातून धप्पकन आवाज आला. आईच्या हातात वीस-पंचवीस हात शेपूट उरलं.

तात्या आडात बघत राहिले. आईने ते शेपूट नीट गुंडाळून कठड्यावर ठेवलं, आणि हिरवा नायलॉन दुसऱ्या बादलीला बांधून हातावर चिंधी गुंडाळायला लागली. चिंधीची गाठ तिला दातांनी मारावी लागत होती.

काकूंनी घागर खाली आपटली, आईच्या हातातला दोर हिसकला आणि वस्तीभर ऐकू जाईल असं ओरडल्या, "सरका तिकडं, वैनी! दोर आमी खाल्लाय, आता तुमचं पाणी बी आमीच वडणार!"