प्रकाशच्या नावावरची अकरा कर्जं

प्रिंटर थांबेचना. साध्या नोकरदाराचा क्रेडिट रिपोर्ट म्हणजे चार पानं. घराचं लोन, गाडीचं लोन, संपला विषय. प्रकाश वानखडेचा निघतच होता. तो समोरच्या खुर्चीत चहा पीत बसला होता आणि मला, खरं सांगतो, आतून बरं वाटत होतं.

"अकरा कर्जं आहेत तुझ्या नावावर," मी म्हणालो. "त्यातलं एक थकीत."

"माह्या नावावर? मी तं एकच घेतलं होतं, स्लॅब टाकाले. तेही फिटलं."

मी खामगावात कर सल्लागार आहे. लोकांचे रिटर्न भरतो, लोनच्या फाइली करून देतो. क्रेडिट रिपोर्ट म्हणजे तुम्ही कुठून किती कर्ज घेतलं आणि वेळेवर फेडलं का, याची नोंद. बँका ही माहिती ब्युरो म्हणवणाऱ्या कंपन्यांना पाठवत असतात. ब्युरो त्यावरून नऊशेपैकी गुण देतो, तो तुमचा स्कोअर. साडेसातशेच्या वर असला की बँकेतला माणूस खुर्ची पुढे करतो. माझा आठशेच्या वर आहे.

प्रकाश आणि मी उंद्रीचे, एका गल्लीतले, दहावीपर्यंत एका बाकावरचे. तो तिथल्याच शाळेत मास्तर झाला, मी खामगाव गाठलं. त्याच्या मुलीला, प्राचीला, नागपूरला फिजिओथेरपीला सीट मिळाली होती. एज्युकेशन लोनमध्ये बापाचं नाव सोबत लागतंच. खामगावच्या मोठ्या बँकेतल्या मॅडमनी रिपोर्ट बघून फाइल परत केली. एवढे हप्ते धरले तर मास्तरच्या पगारात उरतं काय? फीची मुदत सरत आली होती. लोन नाही तर सीट गेली.

मी पानं त्याच्यापुढे सरकवली. रिपोर्टमध्ये बाकी कुणाचं नाव नसतं, फक्त बँक, रक्कम आणि तारीख. सगळी कर्जं उंद्रीच्या सहकारी बँकेतली होती. प्रकाश एकेका रकमेवर बोट ठेवत गेला.

"हे गजाननचं. खताच्या दुकानाचं. हे रहीमभाईचं, वेल्डिंग मशीन घेतलं होतं ना त्यानं. हे शांताबाईच्या पिठाच्या गिरणीचं. मी जामीन होतो बे, कर्ज त्याईचं आहे."

त्याचं स्वतःचं फिटलेलं स्लॅबचं सोडलं, तर दहाच्या दहा माणसं त्यानं अशी ओळखली.

उंद्रीत कुणालाही कर्ज लागलं की दोन जामीनदार लागतात, आणि त्यातला पहिला प्रकाश, हे ठरलेलंच. याची नोकरी पक्की आणि याला नाही म्हणता येत नाही. माझा नियम उलटा. सही कुणालाच नाही. सख्ख्या मेव्हण्याला नाही दिली. त्यामुळे लोकांनी मला विचारणंच सोडलं आणि मी त्याला अक्कल समजत आलो. मी गावात गेलो की लोक "नमस्कार साहेब" म्हणतात आणि आपल्या वाटेनं जातात. प्रकाशला स्टँडवरून घरी पोचायला तीन ठिकाणी चहा घ्यावा लागतो. माझी आई शेवटच्या आजारपणात दम लागला की आधी फोन प्रकाशला लावायची. तो जवळ राहतो म्हणून, असं मी धरून चाललो. पण ते माझ्या पोटात कायम दुखत राहिलं. अजून दुखतं.

तर काम. अशा चुकीची तक्रार ब्युरोकडे ऑनलाइन टाकायची असते. पण ब्युरो स्वतःच्या मनानं एक अक्षर बदलत नाही. तो बँकेला विचारतो, बँक हो म्हणाली तरच दुरुस्ती. आमच्या तक्रारीवर बँकेचं उत्तर आलं, माहिती बरोबर आहे. मग मी प्रकाशला गाडीत घालून उंद्रीची शाखा गाठली.

शाखेचे मॅनेजर तायडे साहेब सरळ माणूस. त्यांनी जुने अर्ज काढले आणि चूक तिथल्या तिथे दिसली. उंद्रीत पहिल्यापासून पद्धत अशी की कर्जदार आणि त्याचे दोन जामीनदार एकाच ओळीत शेजारी शेजारी सही करतात. जामीन म्हणजे खांद्याला खांदा, मग सही खाली कशी घेणार, असा हिशोब. कोण कर्जदार आणि कोण जामीन हे सगळ्या गावाला माहीत, लिहायची गरज कुणाला? पुढे बँकेत नवं सॉफ्टवेअर आलं. सगळे अर्ज भरायचं काम पुण्याच्या कंपनीला दिलं. त्यांनी ओळीत तीन सह्या बघितल्या आणि तिघांनाही कर्जदार करून टाकलं. फटका बाकीच्या जामीनदारांनाही बसला होता, पण प्रकाश प्रत्येक ओळीत होता.

"मग करा की दुरुस्त," मी म्हणालो.

"हेड ऑफिस असं ऐकत नाही ना साहेब. प्रत्येक कर्जदारानं स्वतः यावं, आधार दाखवावं, लिहून द्यावं की कर्ज माह्यं आहे, सर फक्त जामीन. एकही कमी पडला तं फाइल वापस येते."

मी मनात म्हटलं, झालं. सोयाबीन काढणी ऐन भरात. हातातलं काम टाकून बँकेत यायचं आणि स्वतःच्या तोंडानं कर्ज माझं म्हणायचं, कोण येतो? प्राचीचं काम व्हावं असं मला मनापासून वाटत होतं. पण एक-दोघांनी तरी टाळाटाळ करावी, प्रकाशला एकदा कळावं, असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी वाटतं माणसाला.

प्रकाश फोन करायला तयार होईना. "लोकाईले कामाच्या दिवसात कायले तरास देऊ?"

"अरे पोरीची सीट चालली."

"तरी."

शेवटी फोन मी केले. पहिला गजाननला.

"मी खामगावहून बोलतो, वानखडे सरांच्या कामासाठी..."

"हाव. कवा येऊ?"

"आधी काम तर ऐका."

"सरांचं हाय ना? मंग कवा येऊ ते सांगा."

पुढचे नऊ फोन थोड्याफार फरकानं असेच झाले. एकाही फोनवर मला काम पुरतं समजावून सांगावं लागलं नाही. रिसीव्हर ठेवताना माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

सोमवारी बँक उघडायच्या आधी माणसं पायऱ्यांवर बसली होती. शांताबाई गिरणी बंद ठेवून आली होती. रहीमभाई आता जालन्याला असतो, तो पहिल्या गाडीनं निघून आला. थकीत दिसत होतं ते त्याचंच. सगळे हप्ते भरले होते, शेवटचं किरकोळ व्याज राहिलं होतं आणि ते त्याला कुणी कळवलंच नव्हतं. त्यानं काउंटरवर पैसे भरले आणि प्रकाशचा हात धरून उभा राहिला. "माह्यापायी पोरीचं अडलं, सर." प्रकाश म्हणाला, "काही नाही अडलं. जेवला का?"

मी कोपऱ्यात बसून एकेकाचं निवेदन लिहून देत होतो. दुपारपर्यंत सगळे कागद पूर्ण झाले. आता प्रकाशचं नाव रिपोर्टमध्ये जामीनदार म्हणून राहणार होतं, पण हप्ते त्याच्या पगारावर धरले जाणार नव्हते. तायडे साहेबांनी माझ्यासमोर दुरुस्ती वर पाठवली. मी मोठ्या बँकेतल्या मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "रिपोर्ट सुधारून आला की फाइल घेते. फक्त रक्कम मोठी आहे, बाहेरचा एक गॅरंटर द्या. रिटर्न भरणारा, चांगल्या स्कोअरचा."

मी हे सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं. गजानन उठला, रहीमभाई उठला, शांताबाई म्हणाली, "माह्या गिरणीचे कागद चालतात का पहा." त्या खोलीत सगळ्यांत चांगला स्कोअर आणि वीस वर्षांचे रिटर्न माझे होते. कुणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मी राहतो," मी म्हणालो. असं माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघत होतं.

प्रकाश माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला. त्याच्या आवाजात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

"नाही, सुधाकर. तुह्या नियमाची मले कदर आहे. माह्यासाठी कायले मोडतोस? तू एवढं केलं, लय झालं."

बाकीच्यांनीही माना हलवल्या. साहेबांना कशाला त्रास, असं कुणीतरी म्हणालं. दुकानाचे रिटर्न भरत होता, म्हणून गॅरंटर गजानन झाला.

रिपोर्ट सुधारून आला, लोन मंजूर झालं, प्राची नागपूरला गेली. माझी फी प्रकाशनं विचारून विचारून दिली आणि मी घेतली.

वाचकांना व्यवसायातला सल्ला एवढाच. तुम्ही कुणाला जामीन राहिला असाल तर वर्षातून एकदा आपला रिपोर्ट काढा आणि तुम्हाला कर्जदार तर केलेलं नाही ना, ते तपासा. कुणालाच राहिला नसाल, तर एवढी काळजी करायचं कारण नाही. तुमचं नाव चुकूनही कुणाच्या ओळीत सापडायचं नाही.