सेटिंग नको, रीडिंग सांगा

शेवटची भेट दवाखान्यातली. मी नेहमीसारखं विचारलं, "कशा आहात, शेख मॅडम?" नाकाला ऑक्सिजनची नळी होती, पण खवचटपणा शाबूत. "अहो देशमाने, सेटिंग विचारताय की रीडिंग? सेटिंग उत्तम आहे. रीडिंग डॉक्टरांना विचारा." मी हसलो... पुढच्याच आठवड्यात त्या गेल्या.

हडपसरच्या आमच्या कंपनीत हाय व्होल्टेज पॉवर सप्लाय बनतात. हजारो व्होल्ट देणारी, कपाटाएवढी यंत्रं. सेटिंग म्हणजे आपण मागितलेले व्होल्ट, रीडिंग म्हणजे प्रत्यक्षात असलेले. यंत्राचं डिझाइन शबाना शेख यांचं. दुसऱ्या खोलीतून नेटवर्कवरून त्याला कमांड द्यायचा प्रोटोकॉल माझा. माझ्या पहिल्या मसुद्यात 'बंद हो' म्हटलं की यंत्र 'ओके' म्हणायचं. मॅडमनी वाचलं आणि चहाचा कप खाली ठेवला. "ओके म्हणजे ऐकलं. केलं का? आमचा कसब्यातला शिंपीही ओकेच म्हणतो, आणि ड्रेस ईद झाल्यावर देतो." तेव्हापासून आमचं यंत्र ओके म्हणत नाही, उरलेले व्होल्ट मोजून सांगतं.

खरं भांडण झालं ते दुसऱ्या नियमावरून. कॉम्प्युटरने यंत्राला सतत 'मी आहे' असा निरोप पाठवत राहायचं. तो थांबला की यंत्राने कुणाची वाट न बघता आपणहून व्होल्टेज उतरवायचं. वायर जरा हलली तरी चाचणी वाया जाणार, म्हणून मी कुरकुरलो. ग्राहक तर चिडलेच. मॅडम ढिम्म. "चाचणी परत करता येते, देशमाने. माणूस परत आणता येत नाही."

आता त्या गेल्यावर एका ग्राहकाने तो नियम काढा म्हणून पुन्हा धोशा लावलाय. साहेब म्हणाले, "आता अडवणारं कोण आहे? बघा तुम्हीच." मी लॅबमध्ये जाऊन व्होल्टेज चढवलं आणि नेटवर्कची वायर उपसली. आकडा सावकाश उतरू लागला, त्यांनी ठरवून दिला होता तसाच. फार आठवण आली हो, मॅडम... शून्य दिसलं तरी भिंतीवरची, साठलेली वीज जमिनीत उतरवणारी अर्थिंगची काठी टर्मिनलला टेकवल्याशिवाय हात लावायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता. काठीच्या मुठीला त्यांनीच गुंडाळलेली हिरवी टेप अजून आहे. मी काठी टेकवली, जागेवर अडकवली आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"नियम राहील, साहेब. ग्राहकाला कळवा."

"ओके," ते म्हणाले.

मेल गेलेली दिसेपर्यंत मी तिथून हललो नाही.