विहाराची फरशी

रामभाऊ बनसोड नागपूरचे फरशी मिस्त्री. उभा जन्म उकिडवं बसून गेला. ओल्या फरशीवर मालकानं पाय ठेवला, तर मालकालाही ते खाली उतरवत. काम सुटलं, अंगात साखर शिरली, पण एक काम त्यांनी राखून ठेवलं होतं: वस्तीतल्या नव्या विहाराची फरशी. मजुरी न घेता, आपल्या हातानं. मुलीकडून परतलं की लगेच सुरू.

मुलगी संघमित्रा आणि जावई अतुल अमेरिकेत, ट्रॉयला राहतात. जुलैमध्ये त्यांनी रामभाऊंना फिनिक्सला फिरायला नेलं. वाळवंटात उभं केलेलं चकचकीत शहर. तिथं पहिल्या दिवसापासून अतुलचा पाढा सुरू झाला.

“बाबा, बाल्कनीत बनियन वाळत घालायचं नाही. बाबा, दुसऱ्यांच्या मुलांच्या गालाला हात लावायचा नाही. दगड उचलू नका, इथला दगड इथंच राहू द्यायचा असतो. लोकल कस्टम्स रिस्पेक्ट करा, यार.”

रामभाऊंनी सगळं पाळलं. बनियन काढलं, दगड जागेवर ठेवला. मग म्हणाले, “माझं एकच काम करा, अतुलराव. इथं थाई लोकांचं विहार आहे म्हणता, तिथं न्या.”

भर दुपारी गाडी फाटकाशी थांबली. फाटकापासून विहारापर्यंत काळ्या फरशीचं लांब अंगण होतं. इथं उन्हाळ्यात चपला ओसरीवर, सावलीत काढतात. समोरून एक थाई बाई सपाता घालून तशीच चालत गेली.

“विहाराच्या अंगणात चपला?” रामभाऊंनी तोंड वाकडं केलं आणि फाटकाशीच बूट-मोजे काढले.

“बाबा, तिथं आत काढा. फरशी तापलीय,” संघमित्रा गाडीतून म्हणाली.

“बाई, मे महिन्यात नागपूरच्या स्लॅबवर काम केलंय मी. या तळव्यांना हल्ली चटका कळतसुद्धा नाही. आणि विहारात कसं जायचं हे तरी मला शिकवू नका.”

ती दार उघडायला गेली. अतुलनं तिचा हात धरला. “जाऊ दे. दोन पावलांत नाचत परत येतील. सांगून कळत नाही ना, मग असंच कळू दे.” त्यानं काच वर केली. एसी वाढवला.

रामभाऊ नाचत आले नाहीत. तळव्यांना चटका कळत नव्हता तो घट्ट्यांमुळे नव्हे, साखरेमुळे. ताठ मानेनं, सावकाश, विहारात चालतात तसे ते अंगणभर चालले. आत जाऊन पंचांग प्रणाम केला. उठून वळले, तर दारातला भिक्खू त्यांच्या मागच्या लाकडी जमिनीकडे पाहत होता. तिथं पावलांचे ओले ठसे उमटले होते. पाणी सांडलं असेल, असं रामभाऊंना वाटलं.

डाव्या पायाची बोटं गेली. उजवी टाच भरून आलीच नाही. डॉक्टरांना त्यांनी मुलीकरवी एकच विचारलं, “उकिडवं बसता येईल?” डॉक्टरांनी आधी नकारार्थी मान हलवली, मग सांगितलं.

“मी सांगितलं होतं,” अतुल म्हणाला. त्यानं सांगितलं नव्हतं. संघमित्रेला ते ठाऊक होतं.

वस्तीनं काही दिवस वाट पाहिली, मग दुसरा मिस्त्री लावला. एका सकाळी ट्रॉयच्या घरात रामभाऊंच्या फोनवर व्हिडिओ आला. नवी फरशी, वर हार, आणि हसत तिच्यावरून चालणारी माणसं. सांधे अजून ओले होते. दारापाशी एक फरशी पावलागणिक हलत होती.

“चालू नका रे!” रामभाऊ खुर्चीतून ओरडले. “खाली पोकळ आहे! उतरा! काहून चढले सगळे?”

अतुलनं लॅपटॉपवरून मान वर केली.

“बाबा, रेकॉर्डेड आहे ते. कालचं.”