काकू बोटीत चढल्याच नाहीत

सांता क्लाराच्या आमच्या कॉम्प्लेक्समध्ये बातम्या धुतल्या जातात त्या लाँड्री रूममध्ये. त्या सोमवारी दारातच कानावर आलं, "मालतीकाकू म्हणे बोटीत चढल्याच नाहीत, गुडघे..." आणि मला बघून दोघी गप्प! आता मला चैन पडतंय होय? काकूंच्या घरची वाटी परत करायची होतीच. गेले. तेव्हापासून काकूंच्या त्या बेटावरच्या सहलीचे किस्से साठतच चाललेत.

सुरुवात निघायच्या आधीची. मालतीकाकू नागपूरहून मुलाकडे, निखिलकडे आलेल्या. निखिलनं समुद्रातल्या एका बेटाची गाईडेड टूर बुक केली, पण काकूंना म्हणाला, "आई, तिथे चढ आहे. तुझे गुडघे बघ. तू घरी थांब, आम्ही फोटो दाखवू."

काकू म्हणाल्या, "फोटो तू बघ. बेट मी बघते!"

धक्क्यावर तपासणी. बेटावर बाहेरचं बी जाऊ नये म्हणून बुटांची माती ब्रशनं काढायची. सगळे कुरकुरले. काकू खूश. "पाय धुऊन आत! शहाणी माणसं आहेत."

पण काकूंच्या पिशवीत तांदूळ आणि नारळ निघाले. गाईड होती त्या बेटावरच्या मूळच्या लोकांतली. तिचं ते माहेरच की! हे बुकिंगच्या वेळीच कळल्यानं काकूंनी तिच्यासाठी ओटीची तयारी आणलेली. तांदूळ बेटावर नेता येणार नाही म्हटल्यावर काकू म्हणाल्या, "मग इथंच भरते!"

सून शीतल हळूच म्हणाली, "आई, मी भरते ना. तुम्ही कशाला..." काका जाऊन चार वर्षं झालेली, कारण सगळ्यांना कळलं.

"का गं? माझ्या हातून तांदूळ कडू होतात?"

गाईडनं जॅकेट पसरून ओटी घेतली. मग ओटी गाडीत ठेवून बिचारीला स्वतःचंच जॅकेट झटकून दाखवावं लागलं!

बेटावर उतरून वर चढल्यावर गाईड म्हणाली, इथे आमचं गाव होतं. बघावं तर गवत आणि जुन्या शिंपल्यांचा ढीग. "कशालाही हात लावू नका," म्हणाली. निखिल पुटपुटला, "इथे तर काहीच नाहीये यार!"

काकू म्हणाल्या, "देव्हाऱ्यात तरी तुला काय दिसतं रे?"

आता लाँड्री रूमचं. काकू बोटीत चढल्या नाहीत, हे खरं. शीतलनंच सांगितलं. परतताना बेटाच्या धक्क्यावर काकूंनी गोळी काढायला निखिलची बॅग उघडली, तर आत शिंपला!

"अगं, ऑफिसच्या डेस्कवर ठेवायला. एकच तर आहे!"

"ठेवून ये."

"बरं, गाईडला देतो."

"तिनं उचलला होता? जिथला तिथं ठेव."

बोटीचा भोंगा झाला. कॅप्टन ओरडायला लागला. काकूंनी लाइफ जॅकेट घातलं, पण बोटीत न चढता धक्क्यावरच बसकण मारली. "जाऊ दे बोट. मी बसले आहे."

गाईड त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

निखिल तो सगळा चढ पुन्हा चढला. शिंपला ठेवून खाली आला तो लालबुंद, धापा टाकत, कंबरेत वाकलेला.

काकू उठल्या, साडी झटकली आणि म्हणाल्या, "गुडघे बरे आहेत ना रे?"